पाखराला पाखराची भूल

बालाघाटाच्या माळावर नीट उजाडायच्या आधीच तितर बोलायला लागतो. सुरुवातीला दोन-तीन तुटक साद, मग एका दमात चढत जाणारी हाक. ही हाक म्हणजे हद्दीची द्वाही. ही बोराटी माझी, हा बांध माझा, इथली मादी माझी. शेजारच्या हद्दीतला नर जागेवरूनच उत्तर देतो आणि दोघंही आपापल्या ठिकाणी राहतात. पण तीच हाक आपल्या हद्दीच्या आतून, अनोळखी गळ्याने आली, तर तितर नुसतं उत्तर देऊन थांबत नाही. मान ताठ करून, अंग फुगवून, झुडपांच्या बुडातून पळत तो थेट आवाजाकडे येतो. भांडायलाच येतो.

फासेपारध्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या एका गोष्टीवर जगल्या. पिल्लापासून घरात वाढवलेला नर तितर लहानशा पिंजऱ्यात घालायचा, वरून कापड टाकायचं आणि अंधार असतानाच माळावर जायचं. कुठल्या तितराची हद्द कुठून कुठवर, हे आधीच हेरलेलं असतं. पिंजरा झुडपाच्या आडोशाला ठेवायचा, भोवती काड्यांना बांधलेल्या सरकत्या फासांची माळ रोवायची, कापड काढायचं आणि लांब जाऊन बसायचं. फास पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत, पुढे नायलॉनचे आले. उजेड दिसला की पिंजऱ्यातला तितर बोलतो. रानातला धावत येतो, पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारतो आणि त्याचा पाय किंवा मान फासात जाते. बंदुकीचा बार नाही, आरडाओरडा नाही. चार झुडपं सोडून बसलेलं दुसरं पाखरू उडतसुद्धा नाही.

लाव्ह्यांची तऱ्हा वेगळी. लावे रात्री प्रवास करतात, म्हणून त्यांना भुलवायचं तेही रात्रीच. पाळलेल्या लाव्ह्यांचे पिंजरे शेतात टांगून ठेवले की वरून जाणारे लावे त्यांचा आवाज ऐकून त्याच शेतात उतरतात. पहाटे जाळं लावून, पीक हळूहळू हलवत त्यांना जाळ्याकडे चालवत न्यायचं. चालवत, उडवत नव्हे. लाव्हा घाबरला की उडतो, पण नुसता अवघडला तर चालतो, हा फरक ज्याला कळला त्याचं जाळं भरलं. गायपारध्यांनी तर जनावराचीच आड घेतली. शिकवलेली गाय किंवा बैल चरत चरत पुढे जाणार आणि तिच्या अंगाआडून पारधी. चरणाऱ्या गुराला हरीण भीत नाही, पाखरंही भीत नाहीत. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त याच जातीची एक शिकार नोंदवली आहे: पाळीव काळविटाच्या शिंगांना फासाचं जाळं बांधून त्याला रानातल्या काळविटावर सोडायचं; दोघांची टक्कर झाली की रानातला अडकतो. बादशहाच्या लवाजम्यात जी करमणूक होती ती माळावरच्या पालात भाकरी होती.

फासे लावून तितर धरणं आज गुन्हा आहे. तो गुन्हाच राहिला पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे. पण या युक्तीच्या पोटात पाखरांची जी जाण आहे, ती नेकनूरसारख्या गावच्या शिवारातून निघून चालली आहे, आणि तिच्या जागी जे येतं आहे ते फासाहून फार वाईट आहे. हा लेख त्यासाठी आहे.

०००

बीडहून सोलापूर रस्त्याला लागलं की पाली, मग घाट, घाट चढला की मांजरसुंबा. तिथून केज-अंबाजोगाईकडे वळल्यावर नेकनूर लागतं. बीड तालुक्यातलं हे मोठं गाव. आसपासच्या खेड्यांची बाजाराची, दवाखान्याची आणि पोलीस ठाण्याची वाट इथेच येते. गाव बालाघाटाच्या पठारावर आहे, त्यामुळे शिवार एकसारखं नाही. उंचावर मुरमाड, हलकी जमीन, कुसळी गवत, बोरी-बाभळी; खाली ओघळीच्या कडेला काळी. उंचावरची जमीन माणसापेक्षा तितराला जास्त मानवते. काळीत ज्वारी होते आणि ज्वारीवर पाखरं येतात. या दोन जमिनींच्या सीमेवरच पाखरांचं आणि माणसांचं सगळं भांडण चालतं.

रब्बी ज्वारी निसवली, दाणा चिकात आला, की राखण सुरू. राखणीच्या दिवसांत शिवारात फिरताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते: शेतकरी सगळ्या पाखरांना एका मापाने मोजत नाही. राघू कणीस खुडून नेतो, खातो थोडं आणि टाकतो फार. चिमण्या कडेकडेने खातात. होले आणि पारवे खाली पडलेल्यावर आणि पेरलेल्यावर जास्त. कावळा भुईमुगाच्या शेंगा उकरतो, उगवत्या मक्याचा कोंब उपटतो. मोर हरभऱ्याचे घाटे आणि कोवळे शेंडे धरतो. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगाव इथे १९९४ पासून मोरांचं अभयारण्यच आहे, आणि मोराला अभयारण्याची हद्द ठाऊक नाही. पण ज्वारीवाल्याच्या मनात खरी धास्ती भोरड्यांची असते.

भोरडी म्हणजे गुलाबी मैना. अंग फिकट गुलाबी, डोकं-पंख काळे. मध्य आशियातून पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते आणि चैत्रापर्यंत राहते. एकटी कधी येत नाही. शेकड्यांचा, कधी हजारांचा थवा वळणं घेत येतो, बाभळीवर टेकतो, एकदम शेतात ओततो, आणि माणूस बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कणसं पांढऱ्या बोंडांची करून उठतो. तीच भोरडी तिच्या विणीच्या मुलखात टोळ आणि नाकतोडे खाऊन जगते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळधाडीला आवर घालण्यासाठी तिला मुद्दाम दगडांच्या राशी रचून घरटी करायला जागा दिली जाते. एकच पाखरू तिकडे पिकाचा राखणदार आणि इकडे पिकाचा चोर.

आपल्याकडेही ही दुहेरी वागणूक आहेच. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं दरवर्षी सांगतात की हरभऱ्यात, तुरीत घाटेअळी आली तर एकरी २० च्या आसपास पक्षीथांबे लावा. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी रोवा, कोतवाल, साळुंक्या, चिमण्या येऊन अळ्या टिपतील. नांगराच्या मागून कावळे आणि बगळे चालतात ते हुमणी खायला. म्हणजे हरभऱ्यात पाखराला बसायला खुर्ची आणि शेजारच्या ज्वारीत त्याला गोफण. शेतकऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही आणि ते बरोबरच आहे. पाखरू कोणतं, हंगाम कोणता, पीक कुठल्या अवस्थेत, यावर त्याचं नातं ठरतं. सरसकट शत्रू किंवा सरसकट मित्र असं शिवारात काही नसतं.

राखणीची साधनं जुनी आहेत: चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, गोफण, फुटका डबा आणि माणसाचा गळा. त्यात नवी भर पडली ती चकाकत्या फितीची, जुन्या सीडींची, फटाक्यांची आणि जनरेटरवर वाजणाऱ्या भोंग्यांची. माळ्यावर पूर्वी घरातली पोरं असायची. ती आता शाळेत आहेत, हे चांगलंच झालं. पण त्यांच्या जागी रोजंदारीचा माणूस ठेवायचा तर दाण्यापेक्षा राखण महाग पडते. म्हणून माळ्यावर आता म्हातारी माणसंच दिसतात. दुसरा बदल पीकपद्धतीचा. सोयाबीन वाढलं, ज्वारीचं रान कमी झालं. पूर्वी भोरड्यांचा थवा दहा शेतांत वाटला जायचा, तो आता शिल्लक राहिलेल्या दोन शेतांवर उतरतो. आजूबाजूला ज्वारी नसताना एकट्याने ज्वारी करणं म्हणजे पाखरांना पत्ता देणं, असं अनेक शेतकरी सांगतात, आणि पुढच्या वर्षी तेही ज्वारी सोडतात.

०००

बुजगावणं का फसतं, याचा नीट विचार केला तर भुलवण्याची कला का साधते तेही कळतं.

बुजगावणं पाखराला सांगतं: इथे माणूस आहे, येऊ नका. पाखरू दोन दिवस ऐकतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की हा माणूस हलत नाही, दगड मारत नाही, जेवायला घरी जात नाही. मग कावळा त्याच्या डोक्यावर बसतो. चकाकती फीत, भोंगा, सगळ्यांचं तेच होतं. फक्त मुदत कमी-जास्त. भीतीला अधूनमधून खऱ्या धोक्याची जोड नसेल तर ती टिकत नाही. म्हणून जाणते राखणदार बुजगावण्याची जागा बदलत राहतात, त्याच्या शेजारी स्वतः बसतात, आणि गोफणीचा गुंडा बुजगावण्याच्या दिशेनेच सुटेल असं बघतात.

भुलवणारं पाखरू याच्या उलट सांगतं: इथे आपल्यातलं कुणीतरी निवांत आहे, या. आणि पाखराचा पाखरावर भरवसा फार. कुठे दाणे आहेत, कुठे धोका नाही, हे ते स्वतः शोधत बसत नाही. आपल्या जातीच्या दुसऱ्या पाखरांच्या वागण्यावरून ठरवतं. ब्रिटनमध्ये शेतावरच्या रानकबुतरांची शिकार याच भरवशावर चालते. तिथलं जाडजूड रानकबुतर मोहरीवर्गीय पिकांची पानं आणि गव्हाचे दाणे फस्त करतं. शिकारी बांधाला जाळीचा आडोसा करतो आणि शेतात कबुतरांच्या प्रतिकृती मांडतो. मांडणीला शिस्त असते. कबुतर उतरताना आणि चरताना वाऱ्याकडे तोंड करतं, म्हणून प्रतिकृतीही वाऱ्याकडे तोंड करून. घोड्याच्या नालेसारखा आकार ठेवून मधली जागा मोकळी सोडायची, कारण येणारं पाखरू मोकळ्या जागीच उतरतं आणि बंदुकीची नळी तिथेच रोखलेली असते. पंखांवरचा पांढरा पट्टा वरून दिसला पाहिजे. आता बॅटरीवर फिरणाऱ्या दांड्यांवर कबुतरं लावून तो पट्टा फडफडताही ठेवतात. एखादं मेलेलं कबुतर पोट वर करून पडलं तर सगळा देखावा फुकट. थवा वरूनच वळतो.

जगभर ही गोष्ट फार जुनी. अमेरिकेत नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांची विणलेली, पिसं खोवलेली बदकं सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी पाणपाखरं भुलवायला केलेली. पुढे त्याच देशात जिवंत बदकं बांधून शिकार इतकी वाढली की १९३५ मध्ये पाणपाखरांसाठी जिवंत आमिषावर बंदी घालावी लागली. युरोपीय देशांच्या १९७९ च्या पक्षी-निर्देशात आंधळी केलेली किंवा पंख-पाय मोडलेली जिवंत पाखरं आमिष म्हणून वापरण्याला स्पष्ट मनाई केली गेली. मनाई लिहावी लागली यावरूनच ती पद्धत होती हे उघड आहे. स्पेनमध्ये मात्र पिंजऱ्यातला लाल पायांचा तितर ठेवून रानातला नर बोलवायची शिकार अजून चालते. पिंजरा, कापड, आडोसा, हद्दीचं भांडण, सगळं आपल्या पारध्याच्या तितरासारखं. फक्त फासाच्या जागी बंदूक.

नेकनूरच्या पट्ट्यात बंदुकीने पारवे मारणं कधीच फारसं नव्हतं. एका काडतुसाच्या किमतीत किती पारवे येतात, हा हिशेब गरीब मुलखात लवकर कळतो. इथला पारवा विहिरीचा. मराठवाड्यातल्या जुन्या दगडी विहिरींच्या कपारींत, बारवांच्या कोनाड्यांत, पडक्या गढ्यांत त्याची वस्ती. दिवसभर शेतात चरून संध्याकाळी तो विहिरीत उतरतो, आणि उतरला की वरून तोंडावर जाळं टाकणारी मंडळीही होती. शहरांत कबुतराची भूल दुसऱ्या कारणासाठी. निजामी अंमलातल्या गावांत कबुतरबाजी रुजली होती: आपला थवा उडवायचा, दुसऱ्याचं कबुतर त्यात मिसळलं की सगळ्यांना एकदम खाली बोलवायचं आणि परकं कबुतरही आपल्या छतावर उतरवून घ्यायचं. अकबराने या खेळाला ‘इश्कबाजी’ म्हटलं होतं. जाळं नाही, फास नाही, तरी युक्ती तीच.

कावळ्याचं प्रकरण सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत विचार करण्यासारखं. कावळ्याला कावळ्याची प्रतिकृती दाखवून सहज फसवता येत नाही. तो आधी लांबच्या झाडावर बसून बघतो, आणि एकदा फसलेल्या जागी पुन्हा येताना दहादा विचार करतो. त्याला ओढून आणणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे घुबड. दिवसा घुबड दिसलं की कावळे, कोतवाल, साळुंक्या सगळे कल्ला करून त्याच्यावर धावतात. युरोपात घुबड बांधून कावळ्यांची शिकार होत असे. आपल्याकडे पाखरं धरणारे पिंगळा किंवा घुबड बांधून भोवती चिकट काड्या लावत आणि त्याच्यावर धावून येणारी पाखरं चिकटत. ट्रॅफिक इंडियाने २०१० साली घुबडांच्या व्यापारावर अहवाल काढला, त्यात घुबडांचा हा वापरही नोंदला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मेलेला कावळा. शेतात मेलेला कावळा टांगला की कावळे येत नाहीत, हे आपल्या शेतकऱ्यांना जुनंच माहीत आहे. खरं तर आधी ते येतात, मोठ्या संख्येने येतात, आकांत करतात, आणि मग त्या जागेपासून दूर राहतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी कावळ्यांवर हेच दाखवून दिलं: मेलेल्या कावळ्यापाशी जमलेले कावळे ती जागा आणि तिथे दिसलेला माणूस धोक्याचा म्हणून लक्षात ठेवतात. त्यासाठी खरा कावळा मारायची गरज नाही. काळ्या पिसांचं, नीट लोंबणारं सोंगही काही दिवस काम देतं, पण ते दोन दिवसांनी काढून आठवड्याने दुसरीकडे लावावं लागतं. कायमचं टांगलं की त्याचं बुजगावणं होतं. भाद्रपदात पिंडाला शिवायला ज्याची तासन्‌तास वाट बघतो, त्या कावळ्याशी शेतात भांडताना एवढी मेहनत घ्यायला हरकत नसावी.

०००

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची व्याख्या रुंद आहे. मारणं तर आलंच. पकडणं, फासात धरणं, सापळ्यात घेणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. त्यामुळे पिंजऱ्यातला तितर माळावर ठेवणं हाच गुन्ह्याचा आरंभ. तितर, लावे आणि होले कायद्याच्या यादीत पहिल्यापासून होते. त्या यादीत कबुतरवर्ग घेताना निळा पारवा मात्र वगळला होता, आणि कावळा तर पाचव्या अनुसूचीत उंदीर, घूस, फळं खाणारं वटवाघूळ यांच्यासोबत ‘उपद्रवी’ म्हणून बसवला होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली. कावळ्यावरचा अर्धशतकाचा शिक्का गेला. एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करायचा अधिकार केंद्र सरकारकडे राहिला, आणि उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे.

बंदुकीचंही एक वेगळं पान आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. बीड जिल्ह्यात परवान्यांचा विषय २०२५ मध्ये गाजला, छाननी झाली, अनेक परवाने रद्द झाले. पण ती चर्चा पिस्तुलांची आणि दहशतीची होती, ज्वारीची नव्हती. पाखरांसाठी नेकनूरच्या शेतकऱ्याला बंदूक हवी आहे असं मला कुठे दिसलं नाही. त्याला हवा आहे हंगामाचे तीन आठवडे टिकणारा उपाय. भरपाईच्या अर्जात रानडुक्कर, हरीण, रोही यांची नावं ठरलेली असतात. पाखरांनी खाल्लेल्या कणसांचा पंचनामा करायला सहसा कुणी येत नाही.

आणि उपाय मिळाला नाही की विष येतं. बियाण्याला लावलेलं औषध काही वेळा उगवणीसाठी असतं आणि काही वेळा मुद्दाम पाखरांसाठी. बांधावर औषध लावलेले दाणे टाकायला अक्कल लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही, कुणाची हद्द हेरावी लागत नाही. थिमेट म्हणून खेड्यापाड्यांत ओळखलं जाणारं फोरेट केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलं, पण त्याच्या जागी वापरता येतील अशी जहाल औषधं दुकानात आहेतच. विषाला पाखरू ओळखता येत नाही. ज्या बांधावर रानडुकरासाठी किंवा पारव्यासाठी दाणे टाकले त्याच बांधावर मोर मरतो, तितर मरतो, ते खाणारी घार मरते, शेळी मरते. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. बीडसारख्या जिल्ह्यात जखमी जनावर घेऊन जायला अशी जागा असणं हीच मोठी गोष्ट. पण विष पोटात गेलेलं पाखरू तिथवर पोहोचायला कुणाला तरी आधी सापडावं लागतं.

फास आणि विष यांतला फरक मला इथे दिसतो. फासेपारध्याला तितर धरायचा तर तितराचं सगळं आयुष्य माहीत असावं लागे: तो कुठे झोपतो, कधी पाणी पितो, कुठल्या महिन्यात भांडतो, मादी अंड्यावर असताना कसा गप्प होतो. माळावरचे तितर संपले तर त्याचं पोटही संपणार होतं, त्यामुळे किती धरायचे याचा विचार त्याला करावाच लागे. मी फासेपारध्याला संत ठरवत नाही. बाजारात मागणी वाढली, मोबाइलवर लाव्ह्यांचे आवाज वाजवून हंगामभर जाळी लागू लागली, तेव्हा हा विचार कोलमडला, हेही खरं आहे. पण ज्ञान होतं. विषाच्या पुडीसोबत कुठलंच ज्ञान येत नाही.

०००

हे ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना आपण काय दिलं? इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शिक्का राहिला. १९७२ नंतर त्यांचा धंदाच गुन्हा झाला आणि त्याबदल्यात दुसरा धंदा कुणी दिला नाही. गावाच्या कडेला गायरानात पाल, चोरी झाली की पहिली धाड त्या पालावर, आणि जमीन कसायला घेतली तर भांडण. २०२० च्या मे महिन्यात केज तालुक्यातल्या मांगवडगाव इथे शेतजमिनीच्या वादातून पारधी कुटुंबातल्या तिघांची हत्या झाली. नेकनूरहून केजचा रस्ता सरळ जातो. या रस्त्यावरून जाताना ती घटना बाजूला ठेवून तितरांविषयी लिहिणं मला जमत नाही.

शिक्षणाचं काही काम झालं. तुळजापूरजवळ यमगरवाडीला भटके विमुक्त विकास परिषदेच्या प्रकल्पातून १९९० च्या दशकापासून पारधी आणि इतर भटक्या समाजांतली मुलं शिकत आहेत. पण शाळेच्या पुस्तकात वडिलांच्या ज्ञानाला जागा नसते. मुलगा शिकतो आणि तितराची हाक ओठांनी काढायची विसरतो. ती हाक आपल्यापैकी बहुतेकांना कधीच येत नव्हती. मारुती चितमपल्ली (२०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात त्यांचं निधन झालं) यांनी जंगलातल्या माणसांकडून पाखरांची नावं आणि सवयी गोळा करून मराठीत आणल्या. मराठीला पाखरांचे एवढे शब्द मिळाले त्यात अशा माणसांचा वाटा मोठा आहे, आणि त्यातली बहुतेक माणसं स्वतः कधी लिहिणार नव्हती.

याला दुसरा रस्ता असू शकतो हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांसोबत गवताळ माळ राखण्याचं काम करते. त्या माळांवरचं सर्वांत मोलाचं पाखरू तणमोर. पावसाळ्यात नर तणमोर मादीला बोलावण्यासाठी गवतावर उंच उड्या मारतो, आणि रोज त्याच जागी मारतो. ती जागा ज्याला दिसली त्याला फास कुठे लावायचा हे कळलं. आता तीच नजर नोंदीसाठी वापरली जाते. नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा पक्षी कुठे उतरला हे दुर्बीणवाल्या पाहुण्याच्या आधी फासेपारध्याला दिसतं. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाजवळ, जिथले वाघ २००९ पर्यंत शिकारीने संपले होते, पारधी तरुण आता पर्यटकांना पायवाटांवर नेतात, ठसे दाखवतात, पाखरांचे आवाज काढून दाखवतात.

इंग्लंडचंही एक उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे शेतावरची कबुतरं आणि कावळे मारायला सर्वसाधारण परवाना असे. शेतकऱ्याने वेगळा अर्ज करायची गरज नसे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने आव्हान दिल्यावर तो परवाना काही काळ रद्द करावा लागला. न मारता करता येणारे उपाय आधी खरोखर करून पाहिले का, हा प्रश्न त्या वादाच्या मध्यावर होता. परवाना पुढे नव्या अटींसह परत आला. प्रश्न मात्र सुटलेला नाही. आपल्याकडे मारायला मनाईच आहे, म्हणून हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मनाई केली की काम संपलं असं धरून चालतो, आणि न मारता करायच्या उपायांवर कुणी वेळ किंवा पैसा घालत नाही.

नेकनूरच्या शिवारात त्याची सुरुवात कशी करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे ज्वारी करणाऱ्यांनी शक्यतो एका पट्ट्यात आणि एकाच आठवड्यात पेरणी करणं. थवा वाटला जातो आणि राखण सामाईक ठेवता येते. ती राखण गावातल्या पारधी कुटुंबांना हंगामाचा ठरलेला मेहनताना देऊन सोपवता येईल. भोरड्यांचा थवा कुठल्या बाभळीवर टेकतो, कुठल्या दिशेने उतरतो, कुठल्या वेळेला त्याला एकदा उठवलं की तो दुपारपर्यंत परत येत नाही, हे ओळखणं हेच त्यांचं पिढीजात काम आहे. कावळ्याचं सोंग कधी टांगायचं आणि कधी काढायचं हे त्यांना शिकवावं लागणार नाही. भुईमुगाच्या शेताजवळ पडीक तुकड्यात थोडं धान्य टाकून कावळे-पारवे तिकडे वळवणं, म्हणजे भुलवण्याचीच कला पण शेवटी फासाशिवाय, हेही करून बघण्यासारखं आहे. वन विभागाने त्यांना त्यांच्याच माळावर तितर-लाव्ह्यांची हंगामी गणती करायला रोजंदारीवर घेतलं, तर धरणारा हात मोजणारा होईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही लिहायची असते: गावात कोणती झाडं, कोणती जनावरं, कोणती पाखरं, आणि त्यांच्याविषयी कुणाला काय माहीत आहे. ही नोंद लिहून घ्यायला समितीने पालावर जाऊन बसलं पाहिजे, म्हाताऱ्या पारध्याला तितराच्या सवयी विचारल्या पाहिजेत, आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने नोंदीखाली लिहिलं पाहिजे. वहीत लिहिलेलं ज्ञान कुणी व्यापारासाठी वापरलं तर त्यातला लाभ सांगणाऱ्या समाजाला मिळावा, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. ज्वारी निसवायच्या आत, म्हणजे दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत, हे काम नेकनूरला सुरू होऊ शकतं.